झुंबराची पावती

इस्तंबूलच्या दोल्माबाहचे महालातली जी वस्तू मला सगळ्यांत जास्त आवडली, ती मला पाहायला मिळाली नाही. ती एक पावती आहे. महालाच्या मुख्य दरबारी दालनात साडेचार टनांचं स्फटिकाचं झुंबर टांगलेलं आहे. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीनं ते सुलतानाला भेट दिलं, असं तिथं वर्षानुवर्षं सांगितलं जायचं. २००६ साली जुन्या दप्तरात त्याच्या खरेदीची पावती निघाली. राणीनं काही दिलेलं नव्हतं. सुलतानानं झुंबराची पुरेपूर किंमत मोजली होती.

माझी सगळी नोकरी सहकार खात्यात, सोसायट्यांच्या लेखापरीक्षणात गेली. दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड अशा सगळ्या तालुक्यांत एसटी जाईल तिथं एसटीनं आणि पुढे गटसचिवाच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचं, किर्द-खतावणी पुढ्यात घ्यायची आणि व्हाउचर मागायचं. व्हाउचर नसलं की सचिव जे तोंड करतो ते मला पाठ आहे. ‘मॅडम, ते साहेब आले होते ना भेटीला, तेव्हाचा खर्च आहे तो.’ त्यामुळे ‘राणीनं भेट दिलं’ हे वाक्य माझ्या कानाला व्हाउचर नसलेल्या रकमेसारखंच लागलं. गाइडनं पुढच्याच वाक्यात पावतीचा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या सहलीतल्या बाकीच्या मंडळींनी ‘असं होय’ म्हणून माना हलवल्या. मी मात्र ती पावती कोणत्या कपाटात ठेवली आहे असं विचारलं. गाइड हसला. इथं कॅमेऱ्याला बंदी आहे, पण प्रश्नाला नाही, असं काहीतरी तो म्हणाला आणि पुढच्या दालनाकडे वळला.

यवतमाळहून युरोपच्या सहलीला जाणं आता काही नवलाचं राहिलेलं नाही. वणी, पांढरकवडा, आर्णीकडची मंडळीही पासपोर्ट बाळगून आहेत. माझं नाव लेकीनं परस्पर घातलं. इस्तंबूल अर्धं युरोपात आणि अर्धं आशियात, आणि हा महाल युरोपाकडच्या किनाऱ्यावर. खाडीचा भाग भरून काढून तिथं आधी बाग झाली, मग लाकडी वाडे झाले, आणि सुलतान अब्दुलमजीद पहिला यानं १८४३ ते १८५६ या काळात आजचा संगमरवरी महाल उठवला. बाल्यान नावाच्या आर्मेनियन घराण्यातले बापलेक त्याचे वास्तुविशारद. २८५ खोल्या, ४६ दालनं. समोर सहाशे मीटर लांब धक्का आणि त्याला लागून बोस्फरसचं निळंशार पाणी. पायात प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत शिरायचं. काचेच्या दांड्यांचा जिना, त्यावरचं झुंबर, रेशमी गालिचे, छतावर सोन्याचा मुलामा. मुलाम्याला चौदा टन सोनं लागलं असं सांगतात.

आमच्यासोबत घाटंजीकडचे एक कास्तकार होते. एवढा वेळ ते गप्प होते. चौदा टन हा आकडा ऐकल्यावर ते माझ्याजवळ सरकले.

‘काहो ताई, चौदा टन म्हन्ते ना थो?’

‘हो भाऊ.’

‘मंग ह्याले पैसा कोनं देल्ला असन? हा राजा काही वावरात तं जात नसन.’

अख्ख्या सहलीत मला ऐकू आलेला हा सगळ्यांत शहाणा प्रश्न. बाकीचे प्रश्न शौचालय कुठे आणि जेवायला भारतीय हॉटेल आहे का, असे होते. तेही महत्त्वाचेच, पण ते वेगळं.

बागेबद्दल आधी सांगते, कारण आतल्या सोन्यापेक्षा ती मला बरी वाटली. प्रवेशद्वाराशी गोल हौद, त्यात हंसांचं कारंजं, भोवती गुलाबाचे ताटवे आणि मॅग्नोलियाची झाडं. पाण्याच्या बाजूला संगमरवरी कमान, तिला लोखंडी जाळीचा दरवाजा आणि पलीकडे थेट समुद्र. तिथं फोटोसाठी रांग लागते. सावली भरपूर आणि बाकं स्वच्छ. राजवाड्यांच्या बागांचा माझा अभ्यास नाही. व्हर्साय मी पाहिलेलं नाही, फक्त वाचलेलं आहे. पण तिथल्या कारंज्यांची गोष्ट कोणाही यवतमाळकराला आवडेल अशी आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं इतकी कारंजी बांधली, की ती सगळी एकदम उडवायला पाणी पुरेना. मग सेन नदीवर १४ प्रचंड चाकं बसवून पाणी टेकाडावर चढवण्याचं यंत्र उभारलं. तेही कमी पडलं. मग राजा बागेत फिरायला निघाला की माळी एकमेकांना शिट्ट्या घालून इशारा द्यायचे. राजा जवळ आला की कारंजं सुरू, तो पुढे गेला की बंद. दूरच्या ओर नदीचं पाणी आणायला हजारो सैनिक कालवा खणायला लावले, त्यात माणसं तापानं मेली, पुढे युद्ध आलं आणि काम थांबलं. मँतेनॉनला त्या जलवाहिनीच्या कमानी आजही उभ्या आहेत. अर्धवट राहिलेला कालवा म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आणि पाहुणा आला की उडणारं, गेला की बंद पडणारं कारंजंही आपण पाहिलेलं आहे. उद्घाटनाच्या फोटोत ते छान येतं.

आता पैशाकडे येऊ. दोल्माबाहचेचा खर्च पन्नास लाख सोन्याच्या लिरा असा सांगितला जातो. त्या काळच्या भावानं एका लिरेचे नऊएक रुपये धरले तर साडेचार कोटी रुपये. हा हिशेब मी हॉटेलच्या वहीवर मांडला आणि माझ्या डोक्यात दुसरा एक आकडा वाजला. महालाचं काम जोरात होतं त्याच काळात, १८५३ च्या मे महिन्यात, हैदराबादच्या निजामानं इंग्रजांशी तह केला. निजामाकडे इंग्रजांची थकबाकी पन्नास लाख रुपयांच्या घरात गेली होती. ती आणि पुढचा चालू खर्च भागवायला त्यानं काही मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला. त्यात वऱ्हाड होतं, आणि वऱ्हाडात आजचा यवतमाळ जिल्हा. म्हणजे सुलतानाच्या त्या एका महालाच्या खर्चात आपलं सगळं वऱ्हाड नऊ वेळा सोडवता आलं असतं.

हे कर्ज तरी कसलं? ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाच्या फौजेचं. ही फौज निजामाच्या नावानं उभी, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम इंग्रज रेसिडेंटचा. पगार मात्र निजामानं द्यायचा. पगार थकला की इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीनं तो भरायचा आणि निजामाच्या नावे व्याजासकट मांडायचा. त्याआधी पामर कंपनीच्या पेढीनं निजामाला शेकडा चोवीस-पंचवीस टक्क्यांनी पैसे दिलेले होतेच. ज्या फौजेवर आपला हुकूम चालत नाही तिच्या पगाराची थकबाकी आपल्या नावावर, आणि त्यापोटी जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, असं प्रकरण एखाद्या सोसायटीत माझ्यापुढे आलं असतं तर मी ते सरळ सहायक निबंधकांकडे चौकशीला पाठवलं असतं.

या सगळ्यात मला खरा धक्का बसला तो १८६० च्या दुसऱ्या तहानं. सत्तावनच्या उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूनं राहिलं, म्हणून बक्षीस म्हणून पन्नास लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव आणि रायचूर दुआब परत मिळाले. वऱ्हाड मिळालं नाही. कर्ज फिटलं, तारण मात्र सावकाराकडेच राहिलं. आणि त्याच तहात एक कलम घातलं गेलं: ताब्यात दिलेल्या मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब निजामानं मागायचा नाही. मागचाही नाही, पुढचाही नाही. शिल्लक उरली तर ती द्यायचं कबूल होतं, पण शिल्लक किती हे ठरवणारा एकटा इंग्रज, आणि त्याला जाब विचारायचा नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी अफरातफर पाहिली, कोरे धनादेश पाहिले, मेलेल्या सभासदाच्या नावे उचललेलं पीककर्ज पाहिलं. पण हिशेब मागायचा नाही असं लेखी कबूल करून घेतलेलं मी कुठे पाहिलेलं नाही. सोसायटीतले लोक निदान दप्तर जळालं म्हणून सांगतात.

या कलमानंतर वर्षभरातच अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६४ मध्ये आपला जिल्हा वेगळा काढला गेला. तेव्हा त्याचं नाव यवतमाळ नव्हतं; पुढे ते ‘वणी’ झालं. १९०५ मध्ये दारव्हा जोडल्यावर यवतमाळ झालं. ज्या काळात हा मुलूख सगळ्यांत जास्त पिकत होता नेमका त्याच काळात त्याचा हिशेब विचारण्याची कोणाला मुभा नव्हती.

प्रयत्न कोणी केलाच नाही असं नाही. हैदराबादचा दिवाण पहिला सालारजंग आयुष्यभर वऱ्हाड परत मागत राहिला. १८७६ साली तो स्वतः युरोपात गेला. वाटेत पॅरिसच्या हॉटेलात जिन्यावरून पडून त्याचा पाय मोडला. लंडनमध्ये मोठं आगतस्वागत झालं, ऑक्सफर्डनं मानद पदवी दिली. वऱ्हाड सोडून सगळं मिळालं. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं निजाम महबूब अली खानाकडून कायमचा पट्टाच लिहून घेतला: वर्षाला पंचवीस लाख रुपये, आणि वऱ्हाड इंग्रजांकडे. निजामाला त्यानंतर जी.सी.बी. हा मोठा किताब मिळाला. हैदराबादचे चहाटळ लोक त्याची फोड ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे ‘कर्झनला वऱ्हाड देऊन टाकलं’, अशी करायचे.

आता हे सगळं बोस्फरसच्या काठी मला का आठवावं? कारण त्या महालाची आणि आपल्या वऱ्हाडची एका ठिकाणी सोयरीक झालेली आहे, आणि ती अगदी शब्दशः.

महालाच्या एका भागात अब्दुलमजीद दुसरा याचं ग्रंथालय आहे. हा शेवटचा खलिफा. १९२२ मध्ये सुलतानशाही गेली तरी खलिफापद ठेवलं होतं. ३ मार्च १९२४ ला तेही मोडीत निघालं आणि पहाट व्हायच्या आत त्याला कुटुंबासह देशाबाहेर काढलं. माणूस चांगला चित्रकार होता, पुस्तकं आणि संगीत यांत रमणारा. त्याची मुलगी दुर्रूशहवार तेव्हा दहा वर्षांची होती. हे कुटुंब फ्रान्सच्या नीस शहरात जाऊन राहिलं. जवळचे पैसे संपत आले. भारतात याच खलिफापदासाठी खिलाफत चळवळ झाली होती. हैदराबादचा सातवा निजाम मीर उस्मान अली खान यानं खलिफाला दरमहा तीनशे पौंड सुरू केले. त्या चळवळीतले मौलाना शौकत अली मध्ये पडले आणि १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्येच दुर्रूशहवारचं लग्न निजामाच्या थोरल्या मुलाशी, आझम जाहशी, लागलं.

पुढे १९३६ साली इंग्रजांनी निजामाची समजूत काढायला नवा करार केला. वऱ्हाडवर निजामाची मालकी आम्ही मानतो, असं कागदावर म्हटलं. कारभार मध्य प्रांताला जोडलेलाच राहिला. बदल एवढाच की निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. म्हणजे इस्तंबूलमध्ये जन्मलेली, दहाव्या वर्षी दोल्माबाहचेतून हाकलली गेलेली खलिफाची मुलगी ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाली. दारव्ह्याची, पुसदची, वणीची राजकुमारी! आमच्या गाइडला हे ठाऊक नव्हतं. मी त्याला सांगितलं तेव्हा त्यानं बेरार कुठे आहे असं विचारलं. नकाशात दाखवायला बेरार आता राहिलेलंच नाही, म्हणून मी त्याला यवतमाळ दाखवलं. त्यानं नाव मोबाइलवर शोधलं. पहिल्या पानावर काय आलं असेल ते मराठी वाचकांना सांगायला नको. आमच्या जिल्ह्याचं नाव टाकलं की सगळ्यांत आधी आत्महत्यांच्या बातम्या येतात, आणि बाहेरच्या माणसाचं आमच्याबद्दलचं ज्ञान तिथंच सुरू होऊन तिथंच संपतं.

दुर्रूशहवारचा यात दोष काढण्यासारखं काही नाही. शिकलेली, करारी बाई होती. हैदराबादला तिच्या नावाचं मुलांचं रुग्णालय आहे, आणि मुलींच्या शिक्षणासाठी तिनं खटपट केली. वऱ्हाडच्या राजपुत्राचा महाल मात्र वऱ्हाडात नव्हता. तो हैदराबादला, बेला व्हिस्टा नावाचा. आज तिथं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज आहे आणि साहेब लोकांना कारभाराचं शिक्षण मिळतं. खलिफा १९४४ साली पॅरिसमध्ये वारला. त्याच्यासाठी आपल्या खुलताबादला बांधलेली कबर रिकामीच राहिली, कारण शेवटी त्याला मदिनेत पुरलं.

वऱ्हाडच्या पट्ट्याचे पंचवीस लाख हैदराबादच्या तिजोरीत जात होते आणि त्याच राज्यातून नीसला महिन्याचे तीनशे पौंड. घाटंजीच्या भाऊंनी ऐकलं असतं तर ते म्हणाले असते, म्हणजे आपल्याच कापसाचे ना? इथं मी लेखापरीक्षक म्हणून हात राखते. पैसा एकदा तिजोरीत पडला की कुठला रुपया कुठे गेला हे सांगता येत नाही. निजामाकडे वऱ्हाडच्या पट्ट्याखेरीजही अफाट उत्पन्न होतं. पण किर्दीत एका बाजूला काय जमा झालं आणि दुसऱ्या बाजूला काय खर्ची पडलं, एवढं तरी एका पानावर मांडलं पाहिजे की नाही? सहकारात आम्ही एक शब्द वापरतो, ‘अनिष्ट तफावत’. सोसायटीचं बँकेकडचं देणं सभासदांकडच्या येण्यापेक्षा जास्त निघालं की मधली रक्कम ही अनिष्ट तफावत. पैसे कुठेतरी गेलेले असतात, कोणाच्याच नावावर दिसत नाहीत, आणि शेवटी सोसायटी कर्ज द्यायला अपात्र ठरते. मार गावाला बसतो. वऱ्हाडच्या दीडशे वर्षांच्या जमाखर्चात अशी तफावत आहे आणि तिचं ऑडिट कधी झालेलंच नाही.

तुर्कस्तानाला निदान ती तफावत उघड भोगावी लागली. महाल पुरा होत आला असताना, १८५४ मध्ये, क्रिमियन युद्धापायी त्यांनी पहिलं परदेशी कर्ज काढलं. मग एकामागून एक. १८७५ मध्ये व्याजही देता येईना. १८८१ मध्ये सावकारांच्या प्रतिनिधींची कचेरी इस्तंबूलमध्येच उघडली गेली आणि मीठ, तंबाखू, रेशीम, मासळी यांचा महसूल ती थेट गोळा करू लागली. महाल हे दिवाळं निघण्याचं एकमेव कारण नव्हतं, मुख्यही नसेल; युद्धानं जास्त खाल्लं. पण घरात कर्ज असताना छताला सोनं लावणारा कर्ता माणूस कसा असतो, हे मी खूप जवळून पाहिलेलं आहे. त्या कर्जाच्या कचेरीच्या इमारतीत आता एक नावाजलेली शाळा भरते. मला ती पाहायची होती. आमच्या कार्यक्रमात ती नव्हती, मसाल्याचा बाजार होता.

माझं म्हणणं एवढंच आहे की महाल पाहायला जावं, जरूर जावं, पण तिथं पैसे कोणी दिले हे विचारावं. हा प्रश्न सौंदर्याच्या विरोधात नाही. तो काचेचा जिना खरोखर सुंदर आहे आणि तो घडवणाऱ्या कारागिरांची पोटंही त्यावर भरली असतील. शिवाय आज त्या महालात सुलतान राहत नाही, तिकीट काढून कोणीही आत जातो. प्रजासत्ताकानं तो लोकांचा केला. अतातुर्कनं तिथंच १० नोव्हेंबर १९३८ ला सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी प्राण सोडला, आणि त्याच्या खोलीतलं घड्याळ अजून त्याच वेळेवर आहे. हे सगळं मान्य. पण आपल्या सहल कंपन्या महाल दाखवतात तेव्हा आकडे फक्त वजनाचे आणि खोल्यांचे सांगतात. किती टन, किती दालनं, किती दिवे. जमेची बाजू कोणीच वाचत नाही. आणि आपले लोक परत येऊन म्हणतात, ‘काय ते वैभव! आपल्याकडे आहे का असं काही?’

हा प्रश्न मला बोचतो. आपल्या जिल्ह्यात महाल नाही, खरंच आहे. पण का नाही? कारण हा मुलूख नेहमी दुसऱ्याच्या वसुलीचा होता. कधी निजाम आणि नागपूरकर भोसले दोघंही इथून वसुली न्यायचे, त्या काळाला वऱ्हाडात दुअंमली म्हणतात. १८०३ नंतर एकटा निजाम, १८५३ नंतर इंग्रज. ज्याचा महाल नागपूरला, हैदराबादला किंवा लंडनला, त्यानं यवतमाळला कमान कशाला बांधावी? ज्या पिकावर दूरची छतं उभी राहिली ते इथं पिकत होतं. राजवैभवाचं हे दुसरं टोक लोकांना दाखवणारी जागा मला तरी भारतात कुठे ठाऊक नाही.

पण आपल्याकडे त्या टोकाचा पुरावा उभा आहे: शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची गाडी. किलिक निक्सन कंपनीच्या लोकांनी ती कापूस वाहायला टाकली, इथून मूर्तिजापूरला, तिथून मुंबई बंदर आणि पुढे मँचेस्टर. मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत ती ओढत होतं. देश स्वतंत्र झाला, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी या रुळांची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. आता गाडी बंद आहे. दुसऱ्या बाजूनं वर्धा-यवतमाळ-नांदेड रुंद मार्गाचं काम चालू आहे, वर्धा ते कळंब गाडी २०२४ मध्ये सुरू झाली. नवं रेल्वे स्थानक होईल तेव्हा त्याला राजवाड्याची कमान, समोर बाग आणि बागेत कारंजं, असा आराखडा कोणाच्या तरी टेबलावर येणारच. मला तो आत्ताच दिसतो आहे.

त्याआधी शकुंतलेच्या जुन्या स्थानकाबद्दल बोलायला हवं, आणि त्याच्याही आधी एका तलवारीबद्दल. मध्यंतरी महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावात पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार ४७ लाखांहून जास्त रुपये मोजून विकत घेतली. २०२५ सालची गोष्ट. चांगलं केलं. तलवार चमकते, फोटोत दिसते, मिरवणूक काढता येते. १८६० च्या तहाचं ते कलम मात्र चमकत नाही. त्याच्यासाठी कोणी बोली लावणार नाही आणि लावायचीही गरज नाही. एचिसननं संपादित केलेल्या तहांच्या खंडांत ते छापलेलं आहे, कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळतं.

माझी मागणी अशी आहे. शकुंतलेचं यवतमाळचं जुनं स्थानक पाडू नये. त्याच्या एका खोलीत चार कागद मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि मूळ इंग्रजीत लावावेत: १८५३ चा तह, १८६० चं हिशेब न मागण्याचं कलम, १९०२ चा पंचवीस लाखांचा पट्टा आणि रेल्वे कंपनीचा करार. शेजारी कापसाच्या त्या वर्षांतल्या भावांचा तक्ता, आणि एक फोटो दुर्रूशहवारचा, खाली तिचा पूर्ण किताब लिहून. एखाद्या जुन्या जिनिंगचं यंत्र बाहेर अंगणात ठेवता येईल. सरकी काढायचं यंत्र कसं चालतं हे आता इथल्या मुलांनाही माहीत नाही. याला लागणारा खर्च एका बंद पडलेल्या कारंज्यापेक्षा कमी येईल, आणि पाणी अजिबात लागणार नाही.

काही जण म्हणतील, एवढं कोण पाहायला येणार? पहिली दोन-चार वर्षं शाळेच्या सहलीच येतील. येऊ देत. दोल्माबाहचेतही शाळेच्या पोरांच्याच रांगा जास्त होत्या, आणि त्यांच्या बाई त्यांना छताकडे बघा, छताकडे बघा म्हणत होत्या. खोलीची देखरेख कोणाकडे द्यायची हा वाद आपल्याकडे नक्की होईल: रेल्वेकडे, नगरपरिषदेकडे की पुरातत्त्व खात्याकडे. तिघांचाही नकार मी आत्ताच गृहीत धरते. तेव्हा एखाद्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे द्यावी, आणि दरवर्षी तिचा जमाखर्च स्थानकाच्या दारावर लावावा.